राखून ठेवलेला आवाज

“आवाज सरकारचा हाय बाबू, दम माहा,” असं म्हणून भाऊ पाच वाजले की खांद्यावरचा लाल पट्टा उतरवायचे. पट्ट्यावरचा पितळी बिल्ला धोतराच्या सोग्यानं पुसायचे, पट्ट्याची गुंडाळी करून पिशवीत घालायचे आणि पिशवीचं तोंड सुतळीनं बांधायचे. हुतूतूच्या मैदानावर सरकारी पट्टा घालून ओरडणं त्यांना पटत नसे. एकदा मी गमतीनं म्हटलं, “भाऊ, पट्टा घालूनच चला की, पुढची जागा मिळेल.” तर त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चपला घालून देवळात शिरलो होतो जणू.

ही गोष्ट पन्नासच्या दशकातली. गडचिरोली तेव्हा चांदा, म्हणजे आताच्या चंद्रपूर, जिल्ह्यातच होती. वैनगंगेच्या काठाजवळच्या एका तालुक्याच्या गावी, तिथल्या दिवाणी कोर्टात मी कारकून म्हणून लागलो होतो. मी वर्धेकडचा. धानाची बांधी म्हणजे भाताचं खाचर, हेही मला तिथं गेल्यावर कळलं. संध्याकाळी करमायचं नाही, त्यामुळे भाऊंनी मला त्यांच्याबरोबर मैदानावर ओढून न्यायला सुरुवात केली तेव्हा मी फारशी कुरकुर केली नाही. खेळाची मला आवड नव्हती. अजूनही नाही.

भाऊ आमच्या कोर्टाचे पुकारा करणारे शिपाई. तुमच्यावर कोर्टाची पायरी चढायची वेळ कधी आली नसेल, तर बरंच आहे. पण मग पुकारा म्हणजे काय ते सांगायला हवं. खटल्याचा नंबर लागला की शिपाई ओसरीवर येतो आणि पक्षकाराचं नाव तीनदा मोठ्यानं पुकारतो. माणूस आला तर आला. तीन हाकांनंतरही आला नाही, तर तो हजर नाही असं कायदा धरून चालतो. मग तो झाडाखाली बसलेला असो, हॉटेलात चहा पीत असो, नाहीतर ओसरीच्या खांबामागे विडी ओढत असो. म्हणजे माणसाचं असणं-नसणं त्या तीन हाकांवर ठरायचं, आणि त्या हाका भाऊंच्या गळ्यात होत्या.

गळाही काय होता! हाक ओसरीवरून निघाली की आवार ओलांडून मोटार स्टँडच्या रस्त्यापर्यंत जायची. एकदा एका रामाच्या नावाचा पुकारा झाला आणि स्टँडवर तिकीट काढत असलेला भलताच रामा घामाघूम होऊन न्यायाधीश साहेबांपुढे येऊन हात जोडून उभा राहिला. त्याचा कोर्टाशी काडीचा संबंध नव्हता. बिचारा सासुरवाडीला निघाला होता. “काऊन आला गा?” म्हणून विचारलं तर म्हणाला, “इतक्या जोरानं बलावलं, मले वाटलं काहीतरी केलंच असन म्या.”

नावांबद्दल भाऊंचं स्वतःचं एक शास्त्र होतं. शेवटी ‘आ’ असलेलं नाव दूर जातं. रामा, गंगा, तुळसा, ही सोयीची नावं. “तोंड उघडं राह्यते न बाबू, नाव आपोआप निगून जाते.” शेवटी ‘ऊ’ आलं की पंचाईत. ओठ मिटतात आणि नाव तिथंच अडकतं. बाळू, ठमू असली नावं यादीवर दिसली की ते सकाळीच म्हणायचे, “आज मेहनत हाय.” हे शास्त्र कितपत खरं होतं मला ठाऊक नाही. पण भाऊ अशी नावं पुकारताना शेवटी एक ‘होऽऽ’ जोडायचे आणि ते गावभर ऐकू जायचं, एवढं मी पाहिलं आहे.

आता हुतूतू. धान कापून झालं, चुरणं म्हणजे मळणी झाली, की आमच्याकडे हुतूतूचे सामने सुरू व्हायचे. गावागावांचे संघ यायचे. आरमोरीकडचे, नदीपल्याडचे, लांब राजुऱ्याकडून खाणीत काम करणाऱ्या पोरांचा एक दांडगा संघ यायचा. स्वतः भाऊ कधी खेळले होते का, हे मला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारलं की म्हणायचे, “पाहनारा बी खेळतेच न.” आणि ते खरंच होतं. चढाई करणारा दम धरून पलीकडे गेला की भाऊही श्वास रोखायचे. तो परत येईपर्यंत सोडायचे नाहीत. कपाळावरची शीर फुगायची, चेहरा जांभळा व्हायचा, आणि शेजारी बसलेल्याची मांडी त्यांच्या पंजात सापडायची. शेजारी बहुधा मीच असायचो. त्या दिवसांत माझी डावी मांडी कायम काळीनिळी असे. गडी दम राखून परत आला की भाऊ तो सगळा कोंडलेला श्वास एका आरोळीत बाहेर काढायचे, आणि मग पुढच्या रांगेतल्या पोरासोरांच्या टोप्या उडायच्या असं लोक म्हणत.

त्यांचा संघ ठरलेला होता. नदीच्या पल्याड ढीवरांची वस्ती आहे, तिथल्या पोरांचा. मासे धरणारी पोरं ती. जाळं खाली खडकात अडकलं की बुडी मारून सोडवून आणायची. त्यामुळे दम म्हणाल तर अफाट. समोरच्या गड्यांनी तंगडी धरून ठेवली तरी यांचं ‘हुतूतूतू’ चालूच. “पाण्यातला दम हाय तो बाबू, जमिनीवरच्याले नाई समजाचा,” असं भाऊ अभिमानानं सांगायचे. बोलणं असं की ती सगळी पोरं यांच्याच घरात जेवून गेली आहेत. प्रत्यक्षात एकाशीही त्यांची ओळख नव्हती.

ज्या आठवड्याबद्दल मला सांगायचं आहे, तो सामन्यांचा आठवडा. सोमवारपासून शनिवारपर्यंत रोज संध्याकाळी खेळ. कोर्ट सुटलं की भाऊ पुढं आणि मी मागं, असे आम्ही मैदानाकडे सुटायचो. सोमवारी ढीवरांची पोरं जिंकली. मंगळवारी भाऊंचा आवाज थोडा बसला होता, पण तो बसलेला आवाजही इतरांच्या चांगल्या आवाजापेक्षा बरा. बुधवारी पुन्हा खेळ, पुन्हा जीत. गुरुवारी सकाळी भाऊंनी पहिला पुकारा केला तेव्हा गंजलेल्या करवतीनं ओलं लाकूड कापावं तसा आवाज निघाला. आतून साहेबांनी डोकं वर करून पाहिलं. नाजर, म्हणजे शिपायांवरचे अधिकारी, बाहेर येऊन म्हणाले, “काय हो, हे काय? कोर्ट आहे का तमाशा?”

भाऊंनी हळदीचं दूध प्यायलं. ज्येष्ठमधाची काडी गालात धरली. आणि गुरुवार-शुक्रवार त्यांनी चांगली युक्ती काढली. हाक मारायची, आणि हाकेमागोमाग स्वतः झाडांपर्यंत चालत जायचं. आमच्या आवारात दोन चिंचा होत्या. जवळच्या चिंचेखाली अर्ज लिहून देणारे अर्जनवीस आणि पैसेवाले पक्षकार बसायचे. लांबची चिंच पार कुंपणाला लागून. तिच्याखाली गोरगरीब, बायाबापड्या. भाऊ दोन्हीकडे जाऊन “अमका हाय का गा इथी?” असं घोगऱ्या आवाजात विचारून माणसाला हाताला धरून आणायचे. पाय दुखायचे, पण काम अडलं नाही. ढीवरांची पोरं शुक्रवारीही जिंकली. शनिवारी शेवटचा सामना, राजुऱ्याकडच्या त्या दांडग्या संघाशी.

शनिवारी कोर्टाचं काम पाचापर्यंत असायचं. मी दिवसभर आत नकला उतरवत बसलो होतो, त्यामुळे बाहेर काय घडलं ते मला तेव्हा कळलं नाही. पाच वाजता भाऊ पिशवी बांधूनच माझ्या टेबलापाशी आले. “चला, चला बाबू.” आम्ही झपाझप निघालो. फाटकाशी आलो तोच लांबच्या चिंचेखालून एक बाई उठली. पन्नाशीची असेल. डोक्यावर पदर, काखेत फडक्यातली भाकर. सकाळची बांधलेली भाकर तिनं अजून सोडली नव्हती.

“भाऊ,” ती म्हणाली, “माहा नंबर केव्हा येते? सकाळपासून बसून राह्यली मी.”

भाऊ थबकले. मैदानाकडून ढोल वाजायला लागला होता. त्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग रस्त्याकडे.

“सोमवारी या बाई,” ते म्हणाले.

“बरं जी,” असं म्हणून ती नदीच्या वाटेला लागली. इतकं साधं झालं ते. मला त्यात वावगं काहीच दिसलं नाही. कोर्टात माणसांना सोमवारी या म्हणूनच सांगतात.

त्या संध्याकाळी भाऊ जे ओरडले, ते मी पुढं कधी ऐकलं नाही. सकाळी ज्याच्या तोंडून धड शब्द फुटत नव्हता, त्याच्या गळ्यातून ही आरोळी कुठून आली, म्हणून मी हसलोदेखील. सामना अगदी बरोबरीत चालला होता. शेवटची चढाई ढीवरांच्या सगळ्यात दमदार पोराची. दोघांना बाद करून तो परत फिरला, मधल्या रेषेपाशी आला, हात लांब केला, आणि बोटं रेषेला लागायच्या आधी त्याचा दम तुटला. खाणीवाल्यांनी एकच गलका केला. लोक उठले, धूळ उडाली, ढोल त्यांच्याकडे गेला.

भाऊ बसूनच राहिले. मी म्हटलं, “चला भाऊ, पुढच्या वर्षी जिंकतील.” ते उठेनात. मला वाटलं हरल्याचं दुःख आहे, आणि एवढ्या प्रौढ माणसानं खेळात हरल्याचं इतकं मनाला लावून घ्यावं याची मला जरा गंमतही वाटली.

रविवारी सकाळीच ते माझ्या खोलीवर आले. दाढी वाढलेली, डोळे लाल. चहा ठेवला तर नको म्हणाले.

“बाबू, आपल्या हातून पाप झालं,” म्हणाले, आणि मग एकेक सांगितलं.

ती बाई म्हणजे सखूबाई. पल्याडच्या ढीवर वस्तीतलीच. नवरा वारला, आणि दीर तिला राहत्या घरात राहू देईना, जागा माझी म्हणून दावा सांगायला लागला. तिनं कोर्टात फिर्याद लावली होती. शनिवारी तिची तारीख. तिचे वकील चांद्याला गेले होते. तिला त्यांनी सांगून ठेवलं होतं, तू फक्त हजर राहा, पुढची तारीख मिळून जाईल. दुपारी नंबर लागला. भाऊ ओसरीवर गेले. “सखू बेवा गणपत, हाजिर हो,” असं तीनदा म्हणाले; बेवा म्हणजे विधवा. कोणी आलं नाही. दिराचे वकील हजर होते, त्यांनी लगेच उठून विनंती केली, आणि फिर्यादी गैरहजर म्हणून दावा खारीज झाला. म्हणजे घर गेलं.

“पण आवाज बसला होता तुमचा,” मी म्हटलं. “त्याला तुम्ही काय करणार?”

भाऊ खाली बघत म्हणाले, “बसला होता. पन होता थोडासा. चार हाका जोराच्या निगाल्या असत्या. म्या काढल्या नाई. म्हटलं, आता खर्च केला त संध्याकाळी काय उरन? राखून ठेवला बाबू म्या आवाज. फायनलसाठी.”

“आणि झाडापर्यंत?”

“नाई गेलो. उन्हात कोन जाते म्हटलं. पाय दुखून राह्यले होते.”

ते पुढं म्हणाले, “न् मंग फाटकात ती उठली. तिले पाह्यलं न् मले समजलं. साहेब तवा खुर्चीवरच होते. तवाच आत नेऊन उभी केली असती, त साहेबानं बी आयकलं असतं. तिथी ढोल वाजून राह्यला होता. माह्या तोंडातून निगालं, सोमवारी या.”

मला भाऊंचा राग आला. आजही येतो. चुकून घडलेलं माफ करता येतं, पण त्या “सोमवारी या”ला काय म्हणायचं? त्या माणसाबद्दल मला जेवढी माया होती, तेवढाच तो राग होता, आणि दोन्ही एकाच ठिकाणी बसून राहिले. तुमच्याही ओळखीत असा एखादा माणूस असेल. त्याला सोडूनही देता येत नाही आणि त्याच्याकडे सरळ पाहताही येत नाही.

सोमवारी ती आली. नदीवरून पहिल्या डोंग्यानं आली असावी, कारण कोर्टाचं दार उघडायच्या आधीच लांबच्या चिंचेखाली बसलेली होती. भाऊ तिच्यापाशी गेले. मला म्हणाले, “तुमी या संग.” मी गेलो. तिच्यासमोर ते उकिडवे बसले आणि सगळं सांगून टाकलं. आवाज राखून ठेवल्याचंही. काही झाकलं नाही.

“तुमच्याच गावच्या पोट्ट्यायसाठी वरडलो बाई,” ते म्हणाले, “न् तुमचंच नाव तोंडातून निगालं नाई.”

सखूबाईनं ऐकून घेतलं. बराच वेळ ती जमिनीवरच्या चिंचेच्या वाळक्या पानांतून बोट फिरवत राहिली. मग तिनं विचारलं, “जितले का पोट्टे?”

“हारले.”

“मंग तुमाले काय भेटलं?”

तिनं हे टोचायला म्हटलं नव्हतं. बाजारातून रिकाम्या हातानं आलेल्या माणसाला घरच्यांनी विचारावं, तशा सुरात विचारलं. भाऊंनी खांद्यावरचा शेला तोंडाला लावला. मीच दुसरीकडे पाहिलं.

तिचे वकील चांद्याहून परतल्यावर त्यांनी मार्ग सांगितला. खारीज झालेला दावा पुन्हा सुरू करता येतो, पण गैरहजर राहण्याला सबळ कारण पाहिजे. ते म्हणाले, “बाईला ताप आला होता असं लिहू. वैद्याचा दाखला आणतो. सरळ काम आहे.”

सखूबाई म्हणाली, “ताप कायचा? मी धडधाकट होती. इथीच बसली होती. घरी झोपली होती म्हणून सांगू का? दीर त तेच म्हनते, का ही बाई आलीच नाई.”

वकील वैतागले. अशा वेळी माणूस खरं बोलायला लागला की वकिलाचं काम वाढतं. मग भाऊ पुढं झाले. “मी सांगतो साहेबाले. माह्या गळ्याची गोष्ट हाय, मीच सांगतो.”

नाजरांना कळलं तेव्हा त्यांनी भाऊंना बाजूला घेऊन बरंच समजावलं. पेन्शन जवळ आलं आहे, कामात कुचराई केली असं स्वतःच्या तोंडानं सांगशील तर दारावरून काढतील, कदाचित नोकरीवरूनही. वकील तापाचं म्हणतात तर म्हणू दे. भाऊ म्हणाले, “ती नाई म्हनून राह्यली न साहेब. तेच त माह्यासाठी अवघड झालं.”

अर्जाची तारीख लागेपर्यंत भाऊ जवळजवळ मुकेच झाले. पुकारा करायचे, दोन्ही चिंचांपर्यंत चालत जायचे, बाकी तोंडातून शब्द नाही. आरमोरीला त्या वेळी सामने होते, कोणीतरी चला म्हणून बोलवायला आलं होतं. हातानंच नाही म्हणाले. घरी बायकोशीही बोलत नव्हते असं ती माउली मला एकदा नळावर सांगून गेली. “रागावलात का म्हनून इचारते मी, त नुसते मान हालवते.”

आणि तिथंच घोटाळा झाला. इतके दिवस गप्प राहिल्यानं गळा पार दुरुस्त झाला.

सुनावणीच्या दिवशी भाऊंनी साहेबांपुढे शपथ घेतली आणि सांगितलं की माझी हाक त्या दिवशी लांबच्या चिंचेपर्यंत पोचली नाही. दिराचे वकील उठले. ते मुरलेले गृहस्थ. म्हणाले, “साहेब, सगळ्या गावाला यांचा आवाज माहीत आहे. स्टँडवरची माणसं येतात धावत. पोचत नाही म्हणतात, तर पाहूनच घेऊ ना.” साहेब जरा विचारात पडले आणि म्हणाले, ठीक आहे. मला हुकूम झाला, लांबच्या चिंचेखाली जाऊन बस आणि ऐकू येतं का ते येऊन सांग.

मी गेलो. सखूबाई तिथंच बसलेली होती, वकिलांनी सांगितल्याप्रमाणे आत बोलावण्याची वाट पाहत. आत काय चाललं आहे याची तिला कल्पना नव्हती. मलाही बोलायची मनाई होती. मी तिच्याजवळ बसलो आणि मनातल्या मनात म्हटलं, भाऊ, हळू. अगदी हळू. ओठ हलवा फक्त. एवढं जमलं की बाईचं घर परत आलं. हे लबाडीचं आहे हे मला कळत होतं, पण खरं सांगतो, मी तेच मागत होतो.

भाऊ ओसरीवर आले. त्यांनी छाती भरून घेतली.

“सखूऽऽ बेवा गणपत, हाजिर होऽऽ!”

चिंचेवरचे पोपट उडाले. कुंपणापलीकडे कोणीतरी बैलगाडी थांबवली. मी कपाळावर हात मारून घेतला. इतक्या स्वच्छ, इतक्या मोठ्या आवाजात ‘ऊ’वर संपणारं नाव मी त्यांच्या तोंडून आधी कधी ऐकलं नव्हतं. दिराचे वकील ओसरीवर येऊन उभे होते, ते तिथूनही हसताना दिसले. झालं, मी म्हटलं. बाईचं घर या माणसानं दुसऱ्यांदा घालवलं.

दुसरी हाक झालीच नाही. पहिल्याच हाकेला सखूबाई उठली होती. लुगडं झाडलं, पदर सारखा केला आणि तरातरा चालत ओसरीकडे निघाली. मी मागून “बाई, बाई” करत राहिलो. ती पायऱ्या चढून थेट साहेबांपुढे जाऊन उभी राहिली.

“तुम्हाला कोणी बोलावलं?” साहेबांनी विचारलं.

“यायनं बलावलं न आता. माहं नाव घेतलं.”

“ऐकू आलं?”

“आलं त. म्हनून त आली.” मग तिला काय वाटलं कोण जाणे, साहेबांकडे बघून म्हणाली, “साहेब, त्या दिवशी असं बलावलं असतं, त मी बसून राह्यली असती का?”

मी धापा टाकत दारात येऊन उभा होतो, मला काय ऐकू आलं ते कोणी विचारलंच नाही. साहेब भाऊंकडे वळले. “त्या दिवशी अशीच हाक मारली होती का?”

“नाई साहेब.”

“का?”

“त्या दिवशी फायनल होती.”

मागच्या बाकांवर हशा झाला. साहेब हसले नाहीत. त्यांनी पुढं विचारलं आणि भाऊंनी आवाज राखून ठेवल्याचं, झाडापर्यंत न गेल्याचं, फाटकातल्या “सोमवारी या”चं, सगळं सांगितलं. हशा केव्हाच बंद झाला होता. दिराच्या वकिलांनी पुन्हा उठायचा प्रयत्न केला, पण साहेबांनी हातानंच बसा म्हटलं. दावा पुन्हा सुरू झाला.

त्या संध्याकाळी मी भाऊंना गाठलं. माझा जीव अजून ठिकाणावर नव्हता. “एवढ्या जोरानं काऊन वरडले तुम्ही?” मी त्यांच्याच बोलीत विचारलं. “हळू म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं? तिच्याच भल्याचं होतं.”

“समजत होतं मले,” भाऊ म्हणाले. “तिथी उभा होतो तवा मनात आलंच. पन त्याच नावावर एकदा आवाज राखून ठेवला होता बाबू. पुन्हा त्याच नावावर राखून ठेवू?”

आम्ही चहा प्यायलो आणि आपापल्या घरी गेलो.

व्हायचं ते झालं. नोकरी वाचली, पण भाऊंना दारावरून काढलं आणि मागच्या बाजूला जुन्या कागदांच्या खोलीत बसवलं. गठ्ठे काढून द्यायचे, झटकायचे, परत ठेवायचे. तिथं आवाजाचं काही काम नव्हतं. दारावर एक नवीन माणूस आला. त्याचा आवाज बेताचा होता, म्हणून साहेबांनी त्याला हुकूमच केला की दोन्ही झाडांपर्यंत जाऊन ये. तो कुरकुरत जायचा. पुढं यथावकाश सखूबाईच्या बाजूनं निकाल लागला आणि तिला तिचं घर मिळालं. निकालाच्या दिवशी ती भाऊंना शोधत मागच्या खोलीपर्यंत गेली आणि पळसाच्या पानात बांधलेले सुके झिंगे, म्हणजे वाळवलेली कोळंबी, त्यांच्यासमोर ठेवून आली. भाऊंनी ते घरी नेले, पण स्वतः खाल्ले नाहीत असं त्यांच्या बायकोनं सांगितलं.

मी मनाशी धरून चाललो होतो की भाऊ आता मैदानाचं नाव काढणार नाहीत. पण वर्ष फिरलं, धान निघालं, सामने लागले, आणि पहिल्याच दिवशी भाऊ पुढच्या रांगेत. मला थोडं खटकलं. मग बरंही वाटलं. मी जाऊन त्यांच्या शेजारी बसलो. पण या वेळी ते वेगळे होते. दम धरायचे, शीर फुगायची, माझी मांडीही सुटली नाही. मात्र गडी परत आला की आरोळी नाही. श्वास नुसता नाकावाटे सोडून द्यायचे. आठवडाभर एक शब्द नाही. लोक थट्टा करायचे, “भाऊ, बॅटरी उतरली का?” भाऊ हसायचेही नाहीत.

शनिवारी पुन्हा शेवटचा सामना, पुन्हा ढीवरांची पोरं, पुन्हा तोच पोरगा शेवटच्या चढाईला. तिघं त्याच्या अंगावर पडले. त्या ढिगाखालून त्याचं ‘हुतूतूतू’ ऐकू येत होतं, बारीक, पण तुटलेलं नव्हतं. तो सरकत सरकत आला आणि त्याचा हात रेषेवर पडला. मैदान फुटलं. म्हातारे उठून नाचले. मी, ज्याला खेळात काडीचा रस नाही, तो मीसुद्धा ओरडलो.

भाऊ उभे होते. तोंड उघडलं होतं आणि त्यावर त्यांनी दोन्ही हात घट्ट दाबून धरले होते. डोळ्यांतून पाणी बोटांवरून खाली मनगटापर्यंत येत होतं.

मी त्यांचा हात ओढला. “ओरडा ना भाऊ! जिंकले! आता तर ओरडा!” ते मान हलवत राहिले. मी म्हटलं, “अहो, आता कुठं पुकारा आहे तुमच्याकडे? वर्ष झालं सुटून.”

त्यांनी तोंडावरचे हात जरासे सैल केले. त्या गलक्यात मला ऐकू यावं म्हणून माझ्या कानाशी आले, आणि तरीही अगदी हळू म्हणाले,

“सोमवारी कोनाचं तरी नाव असनच न, बाबू.”